ढगांकडे फिरवलेला आरसा

व्हॅनवालीला शिसारी यायला निमित्त लागत नसे. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी बाई ती. कुणी गाडीत ओकलं की नाकाला ओढणी लावून सीट पुसायची आणि "शी, काय काय खातात मेले!" म्हणत दिवसभर थुंकत राहायची. नवरा परगावी नोकरीला, घरात भ्रमिष्ट झालेली सासू. तिला रोज संध्याकाळी अंघोळ घालायची, तीही मान वळवून, श्वास रोखून. पण घालायची हो, एकही दिवस चुकवला नाही.

सगळ्यात जास्त किळस मात्र शेजारच्या काकांची. या एकट्या जिवाने डोक्याच्या वर जाईल अशी भिंत थेट रस्त्याला भिडवली होती. व्हॅनवालीचं फाटक त्या भिंतीआड गेलं. गाडीचं तोंड रस्त्यात आल्याशिवाय वळणावरून कोण येतंय ते दिसेना. भिंत जरा उतरवा म्हटलं, तर काका ढिम्म. शेवटी तिने पदरमोड करून समोरच्या खांबावर फुगीर, गोल आरसा बसवला. फाटकातूनच सगळं वळण दिसायला लागलं.

तर काका तोच आरसा फिरवायला लागले! ती सकाळी गेली की बांबूने ढोसून आरशाचं तोंड वर. परत येऊन बघावं तर आत नुसते ढग. ती सरळ करी, दुसऱ्या दिवशी पुन्हा ढग. "जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही," असं ती गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणे.

एके दिवशी तिची स्वतःची मुलगी डबा विसरली म्हणून ती अर्ध्या वाटेतून परत आली. डबा घेऊन पुन्हा निघाली, तर आरशात ढग. तिने अंदाजाने गाडी पुढे घेतली आणि एक टेम्पो करकचून थांबला. मुलगी बसली होती त्या दारापासून हातभर अंतरावर.

मुलांना शाळेत सोडून ती आली, आरसा सरळ केला आणि फाटक सताड उघडं टाकून तरातरा काकांच्या गॅलरीत चढली.

"माझी पोर मेली असती आज! माणूस आहात की कोण?"

काकांनी मान खाली घातली. "सूनबाई, कुठल्या तोंडाने सांगणार होतो? इथे बसा. आरशात बघा."

आरशात तिचं अंगण दिसत होतं. सासू नळाखाली बसली होती. अंगावर चिंधी नाही. मजेत डोक्यावर पाणी ओतत होती.

"तुम्ही गेलात की रोज," काका पुटपुटले. "आरशातून रस्त्यावरच्यांनाही दिसतं."

"म्हणून माझ्या पोरीच्या जिवावर उठलात? सांगायला जीभ झडली होती?"

तेवढ्यात खाली हसणं ऐकू आलं. मोटरसायकलवर दोन दांडगे, आरशाकडे मोबाइल धरून. काकांची एक कुंडी उचलून तिने खाली भिरकावली. दांडगे दात काढत पळाले.

तिने धावत जाऊन फाटक लावलं आणि दोरीवरची चादर ओढून सासूला गुंडाळली.

"हाकललंस का गं त्यांना?" सासू हिरमुसली. "आरशात दिसत होती ती पोरं. किती छान हसत होती माझ्याकडे बघून. या घरात कोण हसतं?"

व्हॅनवाली चादरीची टोकं धरून उभी राहिली. तिने हसून बघितलं. जमलं नाही.