राजाची उडी आणि न वाचलेलं पान

भिवंडीत लाइट गेली की कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट थांबायचा आणि आमच्या बाबांचा पट उघडायचा. बाबा लूम दुरुस्त करणारे जॉबर. शाळा चौथीपर्यंतच, पण बुद्धिबळात अख्ख्या गल्लीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. खेळ मात्र देशी: प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी कॉलेजात होते. वाचनालयातून बुद्धिबळाच्या इतिहासाचं पुस्तक आणून बाबांना वाचून दाखवायचे. इटलीतले जुने उस्ताद प्यादी उधळून थेट राजावर धावायचे, हे ऐकून बाबा म्हणाले, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." पुढे एका फ्रेंच उस्तादाने प्याद्यांनाच खेळाचा प्राण मानलं. त्यावर बाबा, "ह्यो आपला मानूस हाय." मग ते पान आलं: युरोपातही पूर्वी राजाला एकदा उडी होती. बाबा काय खुलले म्हणता! चार दिवस कारखान्यात येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होते.

पुढच्या पानावर लिहिलं होतं, की ती उडी मोडीत निघाली आणि तिच्या जागी किल्लेकोट, म्हणजे राजा-हत्तीची जोडचाल, आला. ते मी वाचलंच नाही. म्हटलं, कशाला विरजण घाला. शहाणीच मी.

मग गावात बुद्धिबळाची स्पर्धा भरली. कारखान्यातले म्हणाले, "लूमवरचा खेळ तिकडं चालत न्हाय." बाबा चिडले. "हरलो तर पट माळ्यावर. पुन्हा हात लावनार न्हाय." ते बोलतात तसंच करतात. प्यादं सुरुवातीला दोन घरं जातं, एवढं मी सांगितलं. उडीचं सांगायला तोंडच उघडेना.

समोर कल्याणचे एक बँकवाले. दहाव्या चालीला बाबांनी राजा उचलला आणि ऐटीत उडी मारली. हॉल हसला. पंच म्हणाले, "काका, उडी केव्हाच बंद झाली. राजाला हात लावलाय, आता नियमाने राजाच हलवा." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

राजा एक घर सरकला, पटाच्या मधोमध उघडा पडला. बँकवाले तुटून पडले. बाबा मात्र एकेक प्यादं एकेक घर पुढे ढकलत राहिले, देशी सवयीने, न घाबरता. दीड तासाने त्यातलंच एक प्यादं वजीर झालं आणि बँकवाल्यांनी हार मानून हात पुढे केला. मी तर उठून उभीच राहिले. हे माझे बाबा, असं सगळ्या हॉलला सांगावंसं वाटत होतं.

घरी येताना त्यांनी विचारलं, "उडी बंद झाली, ह्ये पुस्तकात व्हतं?"

"होतं. पुढच्या पानावर. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."



"हरनं मला परवडलं असतं," बाबा म्हणाले. "तू माझ्यापासनं पान लपवनं न्हाय. चल, आता घरी गेल्यावर वाच. एक ओळ बी गाळू नको."