वरच्या रांगेतल्या शैलजाताई

शैलजाताईंची आणि माझी ओळख झाली ती टोकियोतल्या आमच्या ऑफिसात, चहाच्या थर्मासपाशी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याच्या नोकरीमागोमाग मी पुण्याहून आले होते. काही महिने घरी बसून कंटाळले आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत कशीबशी चिकटले. ग्योतोकुहून तोझाई लाइनच्या लोकलने उभ्याने यायचं, उभ्याने परत जायचं आणि मधल्या वेळात न कळणाऱ्या भाषेत मान डोलवायची, असा दिनक्रम होता. त्या दिवशी कप भरून चहा बाहेर सांडायला लागला तरी मी थर्मास दाबूनच उभी होते.

"पुरे. भरला तो," मागून कोणीतरी मराठीत म्हणालं.

वळून पाहिलं तर चाळिशी ओलांडलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या एक बाई. ऑफिसातले सगळे ज्यांना 'शैलजा-सान' म्हणून थोडे बिचकून असत, त्या याच. त्यांनी टिश्यू पुढे केला आणि विचारलं, "रविवारी काय करता?"

"झोपते," मी खरं ते सांगितलं.

"बसल्या बसल्या झोपता येईल अशी एक जागा आहे. येता का?"

ती जागा म्हणजे एक भलंमोठं क्रीडागृह निघालं. आत ड्रम कोअरच्या स्पर्धा चालल्या होत्या. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: ढोल, पितळी वाद्यं आणि झेंडे घेतलेली शे-सव्वाशे मुलं फरशीवर चालत, पळत, उलट्या पावलांनी मागे सरत वाजवतात आणि तसं वाजवताना माणसांच्याच आकृत्या बनवतात. परीक्षक गुण देतात. ताईंनी मला थेट सर्वांत वरच्या रांगेत नेलं. खालच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तिथून नुसते चेहरे दिसतात, आकृती दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या पथकाच्या वेळी एवढ्या गदारोळात मी खरोखर झोपले. जागी झाले तेव्हा माझ्या खांद्यावर ताईंचा कोट होता.

मी ओशाळून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी कसली? ज्या पथकाला झोपलात ते झोपण्याच्याच लायकीचं होतं. पहिल्याच दिवशी परीक्षण बरोबर केलंत."

त्या दिवसापासून आजपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसत आले आहे. यंदा ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. आपल्या मराठी मंडळींनी गौरवग्रंथ काढायचं ठरवल्यावर त्यात ताईंवर लिहायचं काम माझ्याकडे आलं ते त्यामुळेच. मी लेखिका नाही. शिवाय आता माझीही साठी उलटली आहे आणि कौतुकाचे शब्द शोधायचा उत्साह राहिलेला नाही. ताईंना खोटं कौतुक कळतं, तेव्हा त्याचा उपयोगही नव्हता. जे पाहिलं ते लिहिते.

ताईंना ड्रम कोअरचा नाद कसा लागला, हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. पुण्यात त्या गणित शिकवत होत्या. यजमान अनंतराव बँकेच्या नोकरीसाठी टोकियोला आले, तेव्हा ताईंना कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. निशी-कसाईजवळच्या नदीकाठच्या मैदानावर एक पथक सराव करायचं. रिकाम्या दुपारी त्या तिथे जाऊन उभ्या राहायच्या. "घरात कोणी बोलायला नव्हतं," एवढंच त्या सांगतात. "तिथे निदान कोणीतरी काहीतरी नीट करण्यासाठी धडपडत होतं."

त्यांची मतं ठाम होती. मोठ्याने वाजवणं सोपं, चालता चालता हळू वाजवणं अवघड, म्हणून ऐकायचं ते हळू वाजतं तेव्हा. पुढे चालणाऱ्यांकडे पाहू नये, उलटं चालणाऱ्यांच्या टाचा पाहाव्यात. हवेत झेंडे फेकून टाळ्या घेणं त्यांना अजिबात खपत नसे. "हात दुखेपर्यंत शिकवलंय मुलींना, पण कशासाठी? वर बघा म्हणून?" अमेरिकेहून व्हिडिओ कॅसेट येऊ लागल्या आणि इथली पथकं तशी नक्कल करू लागली, तेव्हा त्या दोन वर्षं चिडलेल्या होत्या.

त्यांचं सर्वांत जास्त प्रेम बेस ड्रमवर. पाच जण, लहानापासून मोठ्यापर्यंत पाच ढोल, आणि प्रत्येकाकडे फक्त एक स्वर. एक धावती लय पाचांत वाटून दिलेली असते. प्रत्येकाने आपला एक ठोका नेमक्या क्षणी टाकला तर एकाच माणसाने वाजवल्यासारखं ऐकू येतं. एकाचा ठोका किंचित हलला की सगळ्यांचं बिघडतं. "यात कोणी वाहवा मिळवू शकत नाही," ताई म्हणायच्या. "म्हणून मला आवडतं."

ऑफिसातही त्यांचा हाच स्वभाव. आमचं काम प्रोग्राम तपासण्याचं होतं. चूक सापडली की ती चूक आहे हे त्या सर्वांत आधी सांगत. कोणाची, हे विचारलं तरच सांगत. एकदा गिऱ्हाइकाला द्यायचं काम संध्याकाळी तयार झालं, सगळ्यांना घरी जायचं होतं, साहेबांनी कोटही चढवला होता. ताई शांतपणे म्हणाल्या, "मो इक्काई." म्हणजे पुन्हा एकदा. नदीकाठच्या सरावात शिक्षक दिवसभर हेच ओरडत असत. साहेबांनी कोट काढला. चूक निघाली, आणि ती माझी होती. ताईंनी दुरुस्ती करून घेतली, पण नाव उच्चारलं नाही. स्टेशनकडे जाताना मी आभार मानू लागले, तर म्हणाल्या, "तुम्ही दमलेल्या आहात. दमलेल्या माणसाची चूक ही वेगळी गोष्ट असते. उद्या रजा घ्या." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मऊ भात आणि मेतकूट डब्यात घालून आणून दिलं आणि दारातूनच परत गेल्या.

आता त्या वर्षाविषयी लिहायला हवं. ताईंची परवानगी मी घेतली आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी केतकी शाळेच्या मार्चिंग पथकात शिरली. तिला बेस ड्रम मिळाला, पाचांपैकी चौथा, चांगला जड. ताईंचा आनंद मी जवळून पाहिला. इतकी वर्षं वरून पाहिलेली गोष्ट आता घरात आली होती. पहाटे शाळेपूर्वी सराव, शाळेनंतर सराव, रविवारी पूर्ण दिवस सराव. केतकी घरी यायची ती जेवता जेवता झोपायची. अनंतराव एकदा म्हणाले, "अगं, पोर वाळत चाललीय." ताई म्हणाल्या, "सगळ्याच मुली करतात."

विभागीय स्पर्धेच्या दिवशी आम्ही दोघी नेहमीप्रमाणे वर बसलो होतो. केतकीचं पथक आलं. छान चाललं होतं. मग बेस ड्रमची रांग उलटी चालू लागली आणि ताई सवयीने माझ्या कानाशी बोलल्या, "चौथीचा डावा पाय उशिरा पडतोय. गुण जाणार."

दोन-चार पावलं गेली. मग त्यांनी माझं मनगट धरलं. चौथी कोण, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं होतं. "मेधा," त्या म्हणाल्या, "तिला दुखतंय." त्यांनी मला एकेरी नावाने हाक मारली ती तेव्हाच पहिल्यांदा.

पथक पुढच्या फेरीसाठी निवडलं गेलं. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. केतकीही हसत होती, भिंतीला टेकून, एका पायावर.

डॉक्टरांनी सांगितलं, नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली आहे. कित्येक आठवडे ती तशीच चालत होती. दीड महिना विश्रांती. पुढची स्पर्धा त्याच्या आतच होती. केतकीने आईचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. पट्टी बांधून उभी राहीन, फक्त एकदा, मग वाटेल तेवढी विश्रांती घेईन. घरात तीन दिवस हेच चाललं होतं. शेवटी ताई शाळेत गेल्या. राग आला की त्यांचं जपानी अडखळायचं, म्हणून मला सोबत नेलं.

मोरिता-सेन्सेई हे पथकाचे शिक्षक. वाईट माणूस मुळीच नव्हते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर दुकानातून आणलेली, अर्धवट खाल्लेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका. तेही मुलींइतकेच दमलेले दिसत होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि म्हणाले, "मी तिच्यावर अजिबात दबाव आणणार नाही. केतकी-सान स्वतः ठरवेल."

ताई सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलल्या, "सेन्सेई, चौदा वर्षांच्या मुलीला सगळ्या मैत्रिणींदेखत तुम्ही विचारणार. ती 'गानबारिमास' म्हणणार, नेटाने करीन म्हणणार. दुसरं काही म्हणायला तिला येतच नाही. याला तिने ठरवणं म्हणत नाहीत."

सेन्सेईंनी ओनिगिरी बाजूला सारली.

"म्हणून मी नाही म्हणते," ताई म्हणाल्या. "तुम्ही तिला सांगा, की आईने येऊ दिलं नाही. तिला माझा राग येऊ दे. तुमचा नको. तिला तुमच्याकडे परत यायचंय."

बाहेर येऊन ताईंनी बूट घातले आणि पायरीवरच बसल्या. पलीकडच्या मैदानावरून ढोल ऐकू येत होते. "इतकी वर्षं मी वरून टाळ्या वाजवल्या," त्या म्हणाल्या. "ही मुलं किती वाजता उठतात, हे एकदाही कोणाला विचारलं नाही." आम्ही तशाच बसून राहिलो.

केतकीने घरात मराठी बोलणं बंद केलं. जेवलीस का, दुखतंय का, काहीही विचारलं तरी "बेत्सुनि." म्हणजे काही नाही. ताई तिला मराठीतच विचारत राहिल्या. रोज.

स्पर्धेच्या दिवशी मात्र केतकी कुबड्या घेऊन आमच्याबरोबर आली. एकेक पायरी चढत वरच्या रांगेपर्यंत आली, आईचा हात न धरता. पथक फरशीवर उतरलं. बेस ड्रमच्या रांगेत चारच मुली होत्या आणि चौथीच्या जागी मोकळी जागा. सेन्सेईंनी दुसरी मुलगी घातली नव्हती. मैत्रिणींनी हट्ट धरला होता, केतकीची जागा आणि केतकीचा स्वर रिकामा ठेवायचा. ती धावती लय सुरू झाली की मध्येच एक ठोका गायब, पुढे पुन्हा गायब. आजूबाजूच्या आयांनी रुमाल काढले. खरं सांगते, मीही काढला.

ताई समोर बघत बसल्या होत्या. कार्यक्रम संपला, टाळ्या थांबल्या, आणि त्या मराठीत, कोणालाच उद्देशून नाही अशा बोलल्या, "भावनेला गुण नसतात. तो स्वर बाकीच्यांनी वाटून घ्यायला हवा होता. वाईट वाजलं."

मला वाटलं, आता संपलं सगळं. या बाईंना आजच्या दिवशी तरी गप्प बसता येऊ नये?

केतकीने आईकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून मराठी आलं. "हो ना, आई. किती घाण वाजलं! मी त्यांना सांगितलं होतं, असं करू नका म्हणून."

"मग ऐकलं का नाही?"

"म्हणाल्या, तुझी आठवण म्हणून. मी काय मेलेय?"

दोघी हसू लागल्या. हसता हसता केतकी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली आणि ताई तिच्या केसांवरून हात फिरवत, "दमलीस गं, फार दमलीस," एवढंच म्हणत राहिल्या. त्या पथकाला शेवटून दुसरा क्रमांक मिळाला. तो बरोबरच होता.

त्यानंतर ताईंनी आठवड्यातून एक दिवस सरावाला सुट्टी असावी म्हणून शाळेत खेटे घातले. दुसऱ्या आया त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या नाहीत. काहींनी बोलणं टाकलं. पुष्कळ महिन्यांनी बुधवारचा पहाटेचा सराव तेवढा बंद झाला. एवढंच मिळालं. ताईंना त्याचं समाधान वाटलं असं मी म्हणणार नाही, पण बुधवारी केतकी उशिरापर्यंत झोपायची आणि ताई तिला उठवायच्या नाहीत.

केतकी बरी होऊन पथकात परतली, शाळा संपेपर्यंत तिने वाजवलं आणि मग ढोलाला कधी हात लावला नाही. आज ती नागोयात एका मालवाहतूक कंपनीत आहे. स्पर्धांना येत नाही. "पुरे झालं असेल तिला," ताई म्हणतात, आणि त्यात तक्रार नसते. आम्ही दोघी अजून जातो. वरच्या रांगेपर्यंत चढताना ताई दोनदा थांबतात, मी एकदा. मतं तितकीच कडक आहेत. फक्त एखादं पथक फार सुंदर वाजवून गेलं की पूर्वी त्या टाळ्या वाजवायच्या, आता आधी मुलांच्या पायांकडे पाहून घेतात.

या लेखासाठी मी केतकीला फोन केला होता. आईविषयी काय लिहू, असं विचारलं. ऑफिसातून निघण्याच्या गडबडीत होती. म्हणाली, "मेधामावशी, त्या वर्षी मी उभी राहिले असते तर सगळ्यांनी माझं कौतुकच केलं असतं. सेन्सेईंनी, मैत्रिणींनी, सगळ्यांनी. आईनेसुद्धा केलं असतं, तिला किती आवडतं ते. तरी तिने नाही म्हटलं. तेवढं लिहा."

तेवढं लिहिलं. शैलजाताईंना उदंड आयुष्य लाभो, त्यात दुखणी कमी आणि विश्रांती भरपूर असो. येत्या वसंतात त्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया आहे, ती सुखरूप पार पडो. डॉक्टरांनी दीड महिना चालायचं नाही असं सांगितलं आहे आणि ताई पंधरा दिवसांत चालू लागण्याच्या गोष्टी करत आहेत. केतकीने रजा काढली आहे. या वेळी नाही म्हणायला ती येते आहे.