माने साहेबांचा संशय आणि तिसरा गाळा

साईटवर धूळ आणि किस्से, दोन्ही रोज झाडले तरी संध्याकाळी पुन्हा तेवढेच साठतात. धुळीचं काही करता येत नाही. किस्से तेवढे सांगून मोकळं होता येतं!

आमची साईट म्हणजे हातकणंगल्याच्या बाजूचा एक पूल. ठेकेदार बांधणार, आम्ही नजर ठेवणार. आमचे बॉस माने साहेब. संशय हा त्यांचा मूळ स्वभाव, इंजिनिअरिंग ते नंतर शिकले! समोर ठेकेदाराचा सुपरवायझर अण्णा. गडहिंग्लजकडचा, बोलायला गोड. मी साहेबांच्या हाताखाली. आणि पुलापलीकडच्या गावात माझी धाकटी बहीण दिलेली. तिच्या पोरांची शाळेची व्हॅन याच पुलावरून जाणार होती, त्यामुळं साहेबांचा संशय हळूहळू मलाही चिकटला.

* * *

एकदा अण्णानं सकाळीच केबिनमध्ये चहा पाठवला. साहेबांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"साखर जास्त आहे. आज काय लपवलंय?"

मला हसू आलं. साहेब उठले, हातोडी घेतली आणि ठोकत ठोकत गर्डरच्या, म्हणजे पुलाच्या लांब तुळईच्या, टोकापर्यंत गेले. तिथं आत पोकळ काँक्रीट आणि वरून ताजा गिलावा! अण्णा म्हणाला, "साहेब, च्या तरी पुरा प्यायचा की!"

* * *

गर्डर नुसते ओळीनं ठेवले की ते मोकळेच असतात, धक्का लागला तर आडवे व्हायची भीती. म्हणून वरचा स्लॅब होईपर्यंत मधे लोखंडी अँगल मारून ते एकमेकांना बांधून ठेवायचे. एका सकाळी तिसऱ्या गाळ्यातले, म्हणजे दोन खांबांमधल्या तिसऱ्या भागातले, सगळे अँगल गायब!

"चोरी झाली बघा, साहेब," अण्णा कपाळाला हात लावून म्हणाला. "लोकास्नी काय लाजच न्हाय."

साहेबांनी खाली बघितलं. सगळे नटबोल्ट एका पिशवीत नीट भरून, तोंड बांधून ठेवलेले.

"चोर फारच शिस्तीचा आहे, अण्णा. जरा दुसऱ्या गाळ्यावर बघून येऊ."

तिथं आमचेच अँगल नवीन रंग लावून बसवलेले! साहेबांनी सगळं काम थांबवलं आणि अँगल परत जागेवर येईपर्यंत उन्हात उभे राहिले.

* * *

शेजारच्या शेतातले तात्या रोज म्हशी घेऊन यायचे आणि पुलाकडं डोळे बारीक करून बघायचे. एकदा विचारलंच, "गर्डर हाईत की चांगलं दांडगं. मग मधी ह्यो आडवा बीम कशाला?"

साहेब खुलले. म्हणाले, "तात्या, गुऱ्हाळात काहील कशी उतरवता?"

"सगळ्यांनी मिळून. एकानं हात सोडला तर बाकीच्यांची कंबर जाती."

"तसंच. एका बाजूनं उसाची ट्रॉली गेली तर खालच्या एकट्या गर्डरवर भार नको. आडवा बीम तो चारी गर्डरांत वाटतो. पण त्याच्या सळ्या गर्डरच्या सळ्यांना पक्क्या जोडलेल्या पाहिजेत. नाहीतर नुसता देखावा."

तात्यांनी मान हलवली आणि सावकाश अण्णाकडं वळले.

"मग पावणं, तुमी हात धरलायसा का सोडलायसा?"

अण्णाला त्या दिवशी फोनच फोन यायला लागले!

* * *

एका रविवारी साहेब आणि मी दोघंही कोल्हापूरला मीटिंगला होतो. सोमवारी येऊन बघतो तर तिसऱ्या गाळ्याचे आडवे बीम ओतून तयार! आतल्या सळ्या जोडल्या की नाही, आता कुणाला दिसणार?

"रविवार असून पोरांनी काम ओढलं बघा," अण्णा म्हणाला.

"बुधवारीसुद्धा न येणारी पोरं रविवारी आली?"

"बसवण्णाची शपथ, साहेब! सळ्या सगळ्या जोडल्यात."

साहेब माझ्याकडं वळले. "आता मात्र नक्की गडबड आहे. खरं बोलणारा आधी शपथेवर येत नाही."

हातोडीनं काही कळेना. तेवढ्यात बहिणीचा फोन. "दादा, पूल कधी सुरू व्हायचा रे? व्हॅन लई लांबनं वळसा घालतीया." मी म्हणालो, होईल. पण त्या पुलावर माझी भाचरं मला दिसायला लागली होती.

* * *

मग लोड टेस्टचा दिवस आला. मुरुमानं भरलेले डंपर एका गाळ्यावर उभे करायचे आणि चारी गर्डर सारखे वाकतात का ते मोजायचं. दुसरा गाळा ठरला होता. त्या दिवशी ठेकेदाराकडून जेवण, ही आमच्याकडची रीतच! अण्णा स्वतः शाकाहारी, तरी मटणाची तयारी जोरात. चुली मांडल्या होत्या बरोबर दुसऱ्या गाळ्याखाली.

मी म्हणालो, "अण्णा, वर डंपर येणार. खाली कशाला?"

अण्णा छाती काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या पुलावर आमचा इस्वास हाय! वर डंपर, खाली पंगत. बसा की बिनघोर!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबही हसले.

"वा, अण्णा! मग असं करू. आज दुसरा गाळा नको, तिसरा घेऊ. डंपर तिकडं फिरवा, आणि पंगतही तिकडंच मांडा."

आचाऱ्यानं पातेल्याला हात घातला. अण्णानं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, साहेब. हितंच जेवू. तिकडं ऊन लई लागतंय."

साहेबांनी तिसऱ्या गाळ्याखाली जाऊन वर बघितलं. वर सगळा स्लॅब.

"पुलाखाली, अण्णा?"