बाजाराच्या दिवशी रिकामी होणारी खाट

श्रीधन्वंतरीच्या चरणी मस्तक ठेवून, आजच्या त्याच्या पूजनदिनी, सरकारी सेवेतील एक प्रसंग निवेदन करतो.

“डॉक्टर, तुमच्या निम्म्या खाटा काढून घ्याव्या लागतील,” आरोग्य खात्याचे नागपूरचे साहेब वॉर्डाच्या दारातच म्हणाले.

सत्तरच्या दशकात मी आर्वी तालुक्यातील एका सरकारी दवाखान्याचा प्रमुख होतो. साहेबांसमवेत इंग्लंडहून आलेले एक डॉक्टर होते. सरकारी दवाखाने अधिक कार्यक्षम की खासगी, याची ते देशोदेशी तुलना करीत. त्यांचे माप ‘ॲव्हरेज स्टे’, म्हणजे रुग्ण सरासरी किती दिवस खाटेवर राहतो. आमच्या गावातील खासगी डॉक्टर घाटोळे यांचा स्टे इंग्लंडपेक्षाही कमी भरला. आमचा सर्वांत लांब; म्हणजे साहेबांच्या मते आमच्या खाटा उगाच अडलेल्या.

खाटा गेल्या असत्या, तर अडलेल्या बाळंतिणींना वर्ध्याखेरीज थारा नव्हता.

मी म्हणालो, “निर्णयापूर्वी एकदा आत यावे.” पाहुण्यांना भेटायला आलेले घाटोळेही सोबत आले.

पहिल्याच खाटेवर एक बाळंतीण होती. टाके निघालेले, प्रकृती उत्तम. उशाशी सासू.

“आजी, सून बरी आहे. घरी का नेत नाही?” साहेबांनी विचारले.

“नेऊ कशी जी? बंडी बजाराच्या दिवशी येते. ओल्या बाळंतिणीले नाल्यातून चालवू काय? का हा गोरा साहेब नेते तिले खांद्यावर?”

बंडी म्हणजे बैलगाडी, इथपासून मी पाहुण्यांना सारे इंग्रजीत सांगितले. खांद्याचा टोमणाही गाळला नाही. ते हसले, मग गंभीर झाले.

“आमच्याकडे बाळंतीण लवकर घरी जाते, कारण सुईण सायकलवरून तिच्या दारी जाते,” ते म्हणाले. “ते काम मी दवाखान्याच्या हिशेबात धरलेच नाही.”

“पण घाटोळ्यांचा स्टे?” साहेब हटेनात.

घाटोळे मोकळेपणाने हसले. “साहेब, केस अडली की मी ती यांच्याकडेच धाडतो. माझा स्टे यांच्या खाटांच्या जोरावर कमी राहतो. त्या काढल्यात, तर मला पाटी उतरवावी लागेल.”

साहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. खाटा राहिल्या. पाहुण्यांच्या शिफारशीवरून रुग्णांना घरी पोहोचवण्यासाठी एक जीपही मंजूर झाली. ती बहुधा साहेबांच्या दौऱ्यांवर असे. ती सून तर जीप येण्याआधीच, बाजाराच्या दिवशी, बाळासह बंडीने गेली.

दोन देशांच्या खाटा मोजण्यापूर्वी रुग्ण घरी कसा जातो, एवढे विचारावे.

वाचकहो, आपल्या घरी आरोग्य नांदो. आणि कोणास दवाखान्यात जावे लागलेच, तर न्यायला येणारी बंडी वेळेवर येवो.