अर्धं वाक्य बोलणाऱ्या मिस

मिस आयुष्यात कधी पूर्ण वाक्य बोलल्या असतील, तर ते माझ्या कानावर आलेलं नाही. बसमध्ये कंडक्टरपुढे सुट्टे धरून म्हणायच्या, "एक द्या..." आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. तो बिचारा स्वतःच म्हणायचा, "तारोडी." मासळीवालीला म्हणायच्या, "आज पापलेट फारच..." आणि ती लगेच, "महाग हाय, मिस." नवरासुद्धा त्यांना मिसच म्हणायचा, आणि त्यांची वाक्यं पुरी करण्यात त्याची हयात गेली. मी त्यांच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सर, तुम्ही रत्नागिरीचे, म्हणजे स्वभावाने थोडे..." मी म्हटलं, "तिरसट." मिस नुसत्या हसल्या. माझ्याच तोंडून मी कबूल झालो होतो.

ही खोड नव्हती, ही त्यांची शिकवण्याची पद्धत होती. आमच्या उत्तनच्या किनारपट्ट्यात संध्याकाळी ख्रिस्ती घराघरांत रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात. एक जण प्रार्थना अर्ध्यापर्यंत म्हणतो आणि उरलेली अर्धी बाकीचे. पुढच्याने अर्धं सोडलं की मागच्यांची जीभ आपोआप हलते, पेंगणाऱ्या पोराचीही. मिसनी ही सवय इंग्रजीला लावली. अर्धं वाक्य टाकायचं आणि थांबायचं. चुकलं तरी रागवायचं नाही, पण गप्प बसू द्यायचं नाही. "आमच्याकडे कुणी अर्धं सोडलं ना सर, तर जीव असा..." "टांगणीला लागतो," मी म्हणायचो. आम्हाला दुसरं काम काय होतं.

पोरांच्या घरी इंग्रजी बोलणारं कोणी नाही, बाप बोटीवर, आई मासळीबाजारात. म्हणून आम्ही दोघांनी मिळून एक यंत्र केलं. पोराने घरातल्या कुठल्याही साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा. यंत्र उलटा फोन करायचं, मिसच्या आवाजात अर्धं इंग्रजी वाक्य बोलायचं आणि वाट बघायचं. मी घाईचा माणूस, वाट बघण्याचा वेळ कमी ठेवला होता. मिसनी तो वाढवायला लावला. म्हणाल्या, "यंत्राला सगळं येतं सर, फक्त त्याला..." थांबता येत नाही, हे मला पुरं करावं लागलं आणि रात्रभर खपून दुरुस्तही करावं लागलं. पुढे यंत्राने त्यांचा आवाजच उचलला. आम्ही लिहून देऊ ते वाक्य, मिस जन्मात बोलल्या नसतील असंसुद्धा, ते त्यांच्या आवाजात म्हणू लागलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मिसनी छातीवर क्रूस केला. "सर, ही बाई..." म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढं एक वाक्य मला भरता आलं नाही.

त्यानंतर वर्षभरात त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. कुणीही घरी बसलं असतं, पण मिस वर्गावर आल्या. टेबलावर स्पीकर ठेवायच्या, शेजारी ओठ मिटून उभ्या राहायच्या आणि फोनची बटणं दाबायच्या. त्यांचा आवाज स्पीकरमधून वर्गभर फिरायचा, खणखणीत, आजारपणाच्या आधीचा. मी दारातून बघायचो. पोरं स्पीकरकडे बघून उत्तरं द्यायची, मिसकडे कोणी बघत नसे. खोटं कशाला बोलू, मला तिथे फार वेळ उभं राहवत नसे.

त्याच वर्षी आमच्या यंत्राला बक्षीस लागलं. इंग्रजी शिकवण्यातल्या नव्या तंत्रज्ञानाचं, काशीमीऱ्याच्या एका मोठ्या हॉटेलात. वातानुकूलित हॉल, सुटाबुटातली माणसं, बाहेर ट्रकची रांग. सूत्रसंचालिकेने मिसना दोन शब्द बोलायची विनंती केली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मिसनी शांतपणे फोन माइकला लावला. आवाज आला, "टुडे आय ॲम व्हेरी..." आणि सगळा हॉल एका सुरात म्हणाला, "हॅपी!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. स्टेजवर मिस मिटल्या तोंडाने मान हलवत होत्या, नाही म्हणून, पुन्हा पुन्हा नाही म्हणून. परतताना रिक्षात मी विचारलं, "मग कुठला शब्द हवा होता?" त्यांनी फोनवर काहीतरी टाइप केलं, पुसलं आणि बाहेर बघत बसल्या.

जवळच्या पाली गावात त्यांची आई एकटी राहायची. डोळे जवळजवळ गेलेले. एक मुलगा समुद्राने नेलेला. मुलीचं आता हे कोणत्या तोंडाने सांगायचं? नवऱ्याने सांगून ठेवलं, घसा नाजूक आहे, धूळ सोसत नाही, म्हणून ती येत नाही. गावानेही तोंडं शिवून घेतली. मग मिसनी मला टाइप करून विचारलं, "सर, आयसाठी आपल्याला..." मी समजलो. रोज संध्याकाळी रोझरीनंतर यंत्र म्हातारीला फोन लावू लागलं. त्याच कॉलवर दुसऱ्या टोकाला मिस आपला फोन कानाला लावून बसायच्या, बटण दाबायच्या, आणि आवाज म्हणायचा, "आय, आज जेवायला..." म्हातारी खुशीत सांगायची, "बोंबील." मुलगी अशीच बोलायची जन्मभर. संशयाला जागाच नव्हती, असं आम्ही धरून चाललो.

गाठ परत आली आणि मिस गेल्या. मातीला सगळी पाली, सगळी तारोडी लोटली होती. पोरांनी कबरीपाशी काय करावं? एकाने मिसचं एक इंग्रजी वाक्य अर्धं म्हटलं आणि बाकीच्यांनी पुरं केलं. मी रडलो, लाजलो नाही. सातव्या दिवसाच्या चर्चमधल्या प्रार्थनेनंतर म्हातारीने माझा हात धरला. "मास्तर, सांजचा फोन बंद करू नको." म्हातारीला काही उमगत नाही, असं समजून मी यंत्र चालू ठेवलं. आता वाक्यं आपोआप जायची.

काही आठवड्यांनी तिनेच निरोप पाठवून मला बोलावलं. म्हणाली, "तो आवाज बंद कर आता."

"फोन नको का, मावशी?"

"फोन रावू दे. आवाज बंद कर." मग सावकाश म्हणाली, "आवाज मशीनचा हाय, ते मला पयल्या दिसापासून ठावं व्हतं. पण मागं ती बसलेली असायची. शीळ घातल्यावानी श्वास यायचा तिचा. तो ऐकाया मी फोन घ्यायची. आता तो आवाज मध्येमध्ये बोलतो, तिचा श्वास ऐकू येत न्हाय."

ऑपरेशननंतर मिस गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घ्यायच्या, त्याची खरोखरच बारीक शीळ वाजायची. ते म्हातारीला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला समजावलं, मावशी, दुसऱ्या टोकाला आता कोणी नाही, मिसचा नंबर बंद केलाय, यंत्रात श्वास भरलेला नाही, मी स्वतः बघितलंय. तिने माझ्या हातावर थोपटलं, लहान पोराला थोपटावं तसं.

मी सगळी वाक्यं काढून टाकली, फोन तेवढा ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या शेजारी बसून राहिलो. फोन वाजला. तिने कानाला लावला, तिचा चेहरा निवला. थोड्या वेळाने तिने तो माझ्या कानाला लावला.

ती शीळ मला ओळखू आली.

मी फोन तिच्या हातात दिला आणि अंगणात येऊन उभा राहिलो. आत मावशी हळू आवाजात दिवसभराचं सांगत होती, मध्येच थांबत होती, हुंकार देत होती आणि पुन्हा सांगत होती.