मुठीतला सेन्सर

निवृत्तीनंतर शिकवण्याचे व्रत घेऊ नये, असे आता मला वाटते. आयुष्यभर ज्या तत्त्वाची आपण पाठराखण केली, त्याची परीक्षा उतारवयातही होऊ शकते आणि तेव्हा सावरायला फारसे दिवस उरलेले नसतात.

माझे वडील अंबाडीजवळच्या एका गावी देवळाचे पुजारी होते. मुंज झाल्यावर त्यांनी मला पाठशाळेत ठेवले. पुढे पोटासाठी तांत्रिक शिक्षण घेतले आणि मोठमोठ्या इमारतींच्या वातानुकूलनाची नियंत्रणे सांभाळण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर भिवंडीजवळच्या पूर्णा येथे, एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या प्रशिक्षण केंद्रात मी शिकवू लागलो. आमच्या भागात शेतांच्या जागी गोदामे आली. त्यांतल्या कित्येकांत औषधे ठेवतात आणि ती ठरावीक थंडाव्यातच राहावी लागतात. कुठला पंखा केव्हा फिरवायचा, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह किती उघडायचा, हे सारे संगणक ठरवतो. तो ठरवतो सेन्सरने कळवलेल्या आकड्यावरून. या यंत्रणेची देखभाल करणाऱ्याला प्रमाणपत्र लागते. त्याशिवाय पॅनेलला हात लावू देत नाहीत.

प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी मी एकच पाठ देत असे. प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण, शब्द त्यानंतरचे. स्क्रीनवरचा आकडा हा शब्द आहे, कोणीतरी आपल्याला सांगितलेली गोष्ट. म्हणून सेन्सर मुठीत धरा, त्याला तळहाताची ऊब द्या आणि त्याचाच आकडा चढतो का ते पाहा. एकाने सेन्सरपाशी उभे राहायचे, दुसऱ्याने स्क्रीनपाशी, आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. विद्यार्थ्यांना हा खुळेपणा वाटे. स्क्रीनवर दिसतेच आहे, मग मूठ कशाला, असे ते म्हणत.

त्या तुकडीत एक विद्यार्थी पंचेचाळिशीचा होता. भिवंडीच्या जुन्या मुसलमान घरातला. वीस-बावीस वर्षे त्याने यंत्रमाग दुरुस्त केले होते. अशा माणसाला इथे जॉबर म्हणतात, म्हणून सगळे त्याला जॉबरभाई म्हणत. ज्या कारखान्यात तो होता तिथले लूम भंगारात गेले, तेव्हा तो पूर्णाच्या एका औषधांच्या गोदामात हेल्पर म्हणून लागला. महिनाअखेर प्रमाणपत्र आणलेस तर तंत्रज्ञ म्हणून घेतो, नाहीतर ती जागा दुसऱ्याला देतो, असे कंत्राटदाराने त्याला सांगितले होते. हे साऱ्या वर्गाला ठाऊक होते.

मुठीचा पाठ मनापासून गिरवणारा तो एकटाच. डोळे मिटून, सेन्सर धरून तो उभा राही. एकदा एका तरण्या मुलाने त्याला छेडले, "हकीमसाहेब, नाडी सापडली का? ताप किती हाय?"

"तुझी बघू का?" डोळे न उघडता तो म्हणाला. "शादी ठरलीय ना तुझी? तुझीच जोरात चालली असेल."

वर्ग हसला, मीही हसलो. तो मला फार आवडे, हे इथेच लिहून ठेवतो.

परीक्षेसाठी भिंतीवर एक बोर्ड होता. त्यावर एक लहान पंखा, एक व्हॉल्व्ह आणि दोन सेन्सर. एक आत जाणाऱ्या हवेचा, दुसरा परत येणाऱ्या हवेचा. परीक्षेच्या आदल्या दुपारी त्यातली सेन्सरांच्या वायरी बसवायची जोडपट्टी सैल झालेली दिसली. मी ती बदलत असतानाच लाइट गेली. खिडकीच्या उजेडात मी वायरी लावल्या. लाइट आली तेव्हा दोन्ही आकडे स्क्रीनवर उमटले. एकाच खोलीतले दोन सेन्सर, दोघांचेही एकोणतीस. मूठ धरून पाहायला हवी होती, पण संध्येची वेळ टळत होती. मी हात धुतले आणि घरी गेलो. त्या संध्याकाळी अर्घ्य वेळेवर दिले, याचे मला समाधानही वाटले होते.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. तरुण, विनयशील गृहस्थ. त्यांनी व्हॉल्व्हची एक वायर मुद्दाम सोडून ठेवली. परीक्षार्थ्याने एकेकट्याने यायचे, प्रत्येक भागासमोर 'ठीक' किंवा 'दोष' लिहायचे. असलेला दोष चुकला किंवा नसलेला लिहिला, तर अनुत्तीर्ण. मी अंतर्गत परीक्षक म्हणून शेजारी बसलो होतो आणि दाराशी केंद्राचे संचालक उभे होते. एकामागून एक मुले आली. सर्वांनी व्हॉल्व्ह शोधला, स्क्रीन पाहिली, सेन्सरांसमोर 'ठीक' लिहिले आणि निघून गेली. एकानेही मूठ वळली नाही. मला लाज वाटत होती, पण ती त्यांची.

जॉबर शेवटी आला. व्हॉल्व्ह त्याला लगेच सापडला. मग त्याने पहिला सेन्सर मुठीत धरला आणि स्क्रीनकडे पाहत राहिला. पाहता पाहता दुसऱ्याचाच आकडा चढू लागला. काल खिडकीच्या उजेडात कुठली वायर कुठे गेली असेल हे मला बसल्या जागी दिसले. त्याने दुसरा सेन्सर धरून खात्री केली आणि शांतपणे दोन्हींसमोर 'दोष' लिहिले.

"सर, ह्या दोघांची अदलाबदल झालीय," तो परीक्षकांना म्हणाला. "मूठ ह्याच्यावर, आकडा त्याचा चढतोय."

परीक्षकांनी हातातला कागद पाहिला. बोर्डात एकच दोष आहे आणि तो तुम्ही बरोबर लिहिला आहे, अजून वेळ आहे, बाकीचे दुरुस्त करा, असे त्यांनी त्याला सौम्यपणे सुचवले.

"ठीक न्हाय, तर ठीक कसं लिहू?" तो म्हणाला. "एकदा धरून तरी बघा."

परीक्षक उठले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "सर, बोर्ड तुमचा. काल तपासला होतात ना?"

"हो," मी म्हणालो. "तपासला होता."

जॉबरने माझ्याकडे पाहिले. त्यात राग नव्हता. आकडा चढण्याची वाट पाहावी, तसा तो थोडा वेळ पाहत राहिला. मग त्याने कागदावर सही केली आणि तो गेला. निकालपत्रावर त्याच्यापुढे 'अनुत्तीर्ण' लिहिले होते, त्याखाली मीही सही केली.

खरे बोललो असतो तर सगळ्यांचीच परीक्षा रद्द झाली असती, केंद्राची मान्यता धोक्यात आली असती, इतर मुलांचे नुकसान झाले असते, असे मी पुढे कित्येक दिवस मनाला समजावले. ही कारणे मी नंतर रचली. त्या क्षणी मला एवढेच वाटले की या परक्या तरुणासमोर माझी चूक उघडी पडेल. पाठशाळेत एकदा आमचे गुरुजी म्हणताना स्वर चुकले आणि एका लहान विद्यार्थ्याने ते दाखवले. गुरुजी थांबले, त्या मुलाला नमस्कार केला आणि अध्याय पहिल्यापासून म्हणाले. ही गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगत आलो होतो.

सगळे गेल्यावर मी वायरी बदलल्या. दोन मिनिटांचे काम. मूठ धरून पाहिली, आकडा बरोबर चढला. माझ्या चुकीचा एकमेव पुरावा असा माझ्याच हातांनी नाहीसा झाला.

पुढच्या महिन्यात जॉबर आपली मूळ कागदपत्रे न्यायला आला. गोदामातली जागा त्याला नाडीवरून छेडणाऱ्या मुलाला मिळाली होती. जॉबर आता मालेगावला, मेव्हण्याच्या लूमवर जाणार होता. मी कागद शोधत असताना तो बोर्डापाशी गेला, पहिला सेन्सर मुठीत धरला आणि स्क्रीनकडे पाहत राहिला.

"आता बरोबर हाय, गुरुजी," तो म्हणाला.

मी कागद चाळत राहिलो.

"आमच्याकडं आडवा धागा तुटला की लूम आपोआप थांबतो. त्याला सांगावं लागत न्हाय."

मी त्याला बसायला सांगितले, चहा मागवतो म्हणालो. खाली रिक्षा थांबली आहे, असे सांगून त्याने कागद घेतले, ते नीट मोजून पिशवीत ठेवले आणि तो जिना उतरला.

त्यानंतरच्या तुकडीची परीक्षा त्याच बोर्डावर झाली. सेन्सरांसमोर सर्वांनी 'ठीक' लिहिले आणि ते खरोखरच ठीक होते. मूठ कोणीही वळली नाही. वळणार कशी? तो पाठ मी त्यांना दिलाच नव्हता.