खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही

माझ्या पायांत वेग आहे हे सगळ्यांत आधी ज्या सरांना कळलं, त्यांनीच मला संघातून हाकललं. खेळ होता खो-खो. पाठीवर खो मिळाल्याशिवाय बसलेल्या खेळाडूने उठायचं नाही, एवढा साधा नियम. पण समोरून कुणी पळताना दिसलं की माझे पाय माझे राहत नसत. फाउलवर फाउल. "तुला बसवणं म्हणजे दुधाला उतू नको म्हणून सांगणं," सर म्हणाले. "जा, फुटबॉलच्या मुलींत एक कमी आहे. तिथे बसावं लागत नाही."

आज मी एका क्लबकडून फॉरवर्ड खेळते, त्याची सुरुवात अशी हकालपट्टीतून झाली.

नवीन पनवेलच्या त्या मैदानावर मी भलतीच खूश होते. चेंडू लांब पुढे ढकलायचा आणि बचाव करणारीच्या आधी गाठायचा, एवढंच माझं कौशल्य. डावा पाय फक्त उभं राहण्यापुरता. पण कसचं काय, आगीतून फुफाट्यात! पास निघायच्या आत समोरच्या बचावफळीच्या पुढे गेलात तर ऑफसाइड. मी गोल करायचे, दोन्ही हात पसरून धावायचे, आणि वळून बघते तर शिट्टी केव्हाच वाजलेली.

ते पास असायचे माझ्या मैत्रिणीचे. ती मधल्या फळीत खेळायची, माझ्याहून वर्षाने लहान, तळोज्याकडच्या एका गावातून दोन रिक्षा बदलून यायची. चांगला पास वाया गेला की तिचं डोकं फिरायचं. एकदा तिने मागून माझा टी-शर्टच धरून ठेवला.

"मी खो दिल्याबिगर हलाचा नाय. समजला?"

मग ती पास देता देता "खो!" ओरडायची आणि मी सुटायचे. समोरच्या संघांना वाटायचं, या पनवेलच्या मुली खेळ चुकल्यात. तोवर गोल झालेला असायचा.

जिल्ह्याच्या निवड चाचणीला माझं त्या वयोगटातलं शेवटचं वर्ष होतं. तेव्हा हुकलं असतं तर संपलंच. तिथे सगळ्या मुलींचे दोन संघ पाडले आणि ती गेली समोरच्या संघात. पहिल्या अर्ध्यात मी दोनदा सुटले, दोनदा ऑफसाइड. तिने खो दिला नाही. का देईल? तिलाही निवडून यायचंच होतं.

दुसऱ्या अर्ध्यात मी इतकी घाबरले की पळणंच सोडून दिलं. आमच्या मधल्या मुलीने पास द्यायला पाय उचलला तरी मी खांबासारखी उभी. आणि मागून ओळखीचा आवाज आला, "खो!"

मी सुटले. शिट्टी वाजली नाही. चेंडू जाळ्यात गेला आणि तिच्या संघातल्या मुली तिच्याकडे खाऊ की गिळू असं बघत राहिल्या.

सामना संपल्यावर मैदानाच्या कडेला वडापाव खाताना मी विचारलं, "का ओरडलीस गं?"

"सवयीनं निंगला तोंडातून."

"पहिल्या दोन वेळी नाही निघालं ते?"

तिने मिरची चावली. "तुजा शेवटचा वरीस हाय. माजा नाय."

मला रडू आलं, आणि मी ते मिरचीवर ढकललं. पुढच्या वर्षी ती निवडली गेली, पण हे त्या दिवशी कुणाला ठाऊक होतं?

थोड्या वेळाने यादी वाचायला सुरुवात झाली. आम्ही सगळ्या मातीत मांडी घालून बसलो होतो. नाव येईल तिने उठून पुढे जायचं. माझं नाव आलं. यादी तिथेच संपली, तिचं नाव नव्हतं. आणि जन्मभर घाई केलेली मी, मला काही केल्या उठवेना. यादी वाचणाऱ्या सरांनी माझं नाव पुन्हा पुकारलं.

तेव्हा माझ्या पाठीवर तिचा तळवा पडला. "खो," ती हळूच म्हणाली.

मग मी उठले.